हेडलाइट पुनरुज्जीवन

हेडलाइट पुनरुज्जीवन म्हणजे मोटारगाडीच्या पुढील दिव्यांवरचे पिवळसर, धुरकट किंवा खरबरीत झालेले प्लॅस्टिकचे आवरण घासून, पॉलिश करून आणि त्यावर नवा संरक्षक थर देऊन पुन्हा पारदर्शक करण्याची प्रक्रिया होय. हे काम गॅरेजमध्ये केले जाते, तसेच थोड्या साहित्यानिशी घरीही करता येते. बोलण्यात या आवरणाला अजूनही ‘हेडलाइटची काच’ असेच म्हणतात. प्रत्यक्षात आजच्या बहुतेक गाड्यांत ते पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते.

हा धुरकटपणा म्हणजे वर साचलेला मळ नव्हे, त्यामुळे तो धुऊन जात नाही. कारखान्यात दिलेला संरक्षक थर उन्हाने झिजला की त्याखालच्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात रासायनिक बदल होतात व पृष्ठभाग खराब होतो. हा खराब भाग घासून काढताना उरलासुरला संरक्षक थरही निघून जातो. म्हणून पॉलिश करून मिळालेली चकाकी हा कामाचा शेवट नसतो. नवा संरक्षक थर दिला नाही तर आवरण पूर्वीपेक्षा लवकर पिवळे पडते.

या दुरुस्तीचे महत्त्व गाडीच्या देखणेपणापेक्षा रात्रीच्या दृश्यमानतेशी अधिक निगडित आहे. धुरकट आवरणामुळे रस्त्यावर पडणारा प्रकाश कमी होतो. शिवाय विखुरलेला प्रकाश समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत जातो. नवी मुंबईसारख्या प्रखर ऊन, दीर्घ पावसाळा आणि उघड्यावरील वाहनतळ असलेल्या शहरात हा प्रश्न सर्वसाधारण आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात मोटारींच्या दिव्यांवर खरोखरच काच असे. मुंबई परिसरात अनेक दशके धावलेली, कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि सर्वत्र दिसणारी अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांचे गोल दिवे काचेचे होते. काच उन्हाने पिवळी पडत नाही आणि तिच्यावर सहसा ओरखडे उठत नाहीत. मात्र ती जड असते आणि उडालेल्या खड्याने तडकू शकते. तिला गाडीच्या अंगासरशी वळणारे गुंतागुंतीचे आकार देणेही कठीण असते.

काचेची जागा घेणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी लावला. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तो लावला. या प्लॅस्टिकची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे साध्या काचेच्या निम्म्याहूनही कमी आहे. आघात सहन करण्याची त्याची क्षमता काचेच्या कितीतरी पट अधिक असते. सुमारे १४७ अंश सेल्सियसपर्यंत ते मऊ पडत नाही, त्यामुळे दिव्याची उष्णता त्याला सोसते.

अमेरिकेत १९४० पासून प्रमाणित आकाराचे बंदिस्त काचेचे दिवे सक्तीचे होते. १९८३ मध्ये बदलता येणाऱ्या बल्बच्या दिव्यांना परवानगी मिळाली आणि १९८४ सालच्या लिंकन मार्क ७ या मोटारीत प्लॅस्टिकच्या आवरणाचे असे दिवे आले. युरोपात १९९० च्या दशकात प्लॅस्टिकच्या आवरणाला मान्यता मिळाली आणि पुढे भारतीय गाड्यांतही ते रूढ झाले. वजन, तडकणे व आकाराची मर्यादा हे काचेचे दोष त्यामुळे दूर झाले. त्यांच्या जागी उन्हाने पिवळे पडणे आणि सहज ओरखडे उठणे हे दोन नवे दोष आले.

रचना

पॉलिकार्बोनेट काचेच्या मानाने मऊ असते. त्याला जसेच्या तसे उन्हात ठेवले तर ते टिकत नाही. म्हणून कारखान्यात साच्यातून काढलेल्या आवरणाच्या बाहेरील बाजूला एक कठीण, पारदर्शक लेप दिला जातो. हा लेप सामान्यतः ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनयुक्त असतो आणि त्याची जाडी काही मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. त्यात सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ओरखडे रोखणे आणि अतिनील किरण प्लॅस्टिकपर्यंत पोहोचू न देणे ही दोन्ही कामे हाच पातळ लेप करतो. आवरणाचे आयुष्य बऱ्याच अंशी या लेपाचे आयुष्य असते.

धुरकटपणाची कारणे

अतिनील किरण: लेपातील शोषक द्रव्ये काळानुसार निष्प्रभ होतात. त्यानंतर अतिनील किरण पॉलिकार्बोनेटच्या रेणूसाखळीतील बंध तोडतात. या वेळी दोन प्रकारच्या अभिक्रिया होतात. एका प्रकारात रेणूची अंतर्गत पुनर्रचना होते. तिला फोटो-फ्राइस पुनर्रचना असे नाव आहे. दुसऱ्या प्रकारात हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. या अभिक्रियांतून तयार होणारी काही संयुगे निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आवरण पिवळे दिसते. रेणूसाखळ्या तुटल्यामुळे पृष्ठभाग ठिसूळ होतो व त्यावर सूक्ष्म तडे पडतात.

झीज: धूळ, वाळू आणि पुढील वाहनाच्या चाकांनी उडवलेले खडे लेपावर बारीक खळगे पाडतात. धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसण्याची सवयही तेवढीच हानिकारक असते, कारण फडक्याखालची धूळच पॉलिश पेपरचे काम करते.

रसायने: पॉलिकार्बोनेटला अल्कलीयुक्त द्रव्ये व अनेक सेंद्रिय द्रावके मानवत नाहीत. अमोनियायुक्त काच-सफाईचे द्रव, थिनर, पेट्रोल किंवा तीव्र डिटर्जंट यांमुळे लेप निघू शकतो व प्लॅस्टिकवर केसासारखे बारीक तडे उमटू शकतात.

पाणी: लेप ठिकठिकाणी सुटला की दमट हवा व पाणी त्याच्या कडांखाली शिरते. अशा ठिकाणी लेपाचे पापुद्रे निघतात आणि आवरणावर नकाशासारखे डाग दिसू लागतात.

आतील दोष: दिव्याच्या जोडणीचे सील खराब झाल्यास आत बाष्प साचते. परावर्तक काळवंडला किंवा आवरण आतून धुरकट झाले, तर बाहेरून कितीही घासले तरी फरक पडत नाही.

प्रकाशावरील परिणाम

हेडलाइटचा लो बीम हा एका आखीव आकाराचा प्रकाशझोत असतो. त्याच्या वरच्या बाजूस ठळक सीमारेषा असते, जेणेकरून समोरच्या चालकाच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये. भारतात वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे हा झोत डाव्या बाजूस थोडा अधिक दूरवर जाईल अशी रचना असते आणि रस्त्याची कड व कडेने चालणारी माणसे वेळेत दिसतात. आवरण धुरकट झाल्यावर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. झोत दूरवर पोहोचत नाही आणि सीमारेषा पुसट होते. ज्या माणसाला पाहायचे तो अंधारात राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये सुमारे अकरा वर्षे जुन्या गाड्यांचे दिवे तपासले. तेव्हा खराब झालेल्या आवरणाचे दिवे लो बीमवर नव्या दिव्याच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश देत असल्याचे आढळले. पुनरुज्जीवनानंतर हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेले. मात्र दुरुस्त दिव्यांतून समोरच्याला होणारी दिपवणूक नव्या दिव्यांपेक्षा अधिकच राहिली.

या आकड्यांचा अर्थ अंतराच्या भाषेत अधिक स्पष्ट होतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. त्यामुळे दिव्याचा प्रकाश एक चतुर्थांशावर आला, तर एखाद्या वस्तूवर पूर्वीइतकाच उजेड पडण्यासाठी ती ढोबळमानाने निम्म्या अंतरावर यावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार ताशी ६० किलोमीटर वेगातील वाहनाला सुरक्षितपणे थांबण्यासाठी सुमारे ८० मीटर आणि ताशी ८० किलोमीटर वेगात सुमारे १२० मीटर अंतर पुढचे दिसणे आवश्यक असते. जो पादचारी ८० मीटरवर दिसायला हवा तो ४० मीटरवर दिसू लागला, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी गाडी वेळेत थांबत नाही.

नवी मुंबईतील परिस्थिती

नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो. जुलैमध्ये ढगांमुळे तीव्रता कमी होते, परंतु मार्च ते मे या काळात आवरणांवर प्रखर ऊन पडते. वर्षातील उरलेल्या काळात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचे दिवे इतर गाड्यांपेक्षा लवकर खराब होण्याची शक्यता असते. भिंतीची किंवा झाडाची सावली एकाच बाजूला पडत असेल, तर एकाच गाडीचा एक दिवा स्वच्छ आणि दुसरा पिवळा असेही दिसते.

१७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने या शहराचे नियोजन केले, त्या काळी घरोघरी मोटार असण्याची कल्पना नव्हती. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील जुन्या वसाहतींत आज अनेक गाड्या इमारतींच्या बाहेर किंवा रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभ्या असतात. ट्रान्स ठाणे क्रीक व तळोजा ही औद्योगिक क्षेत्रे, तुर्भे-वाशी परिसरातील कृषी उत्पन्न बाजार समिती आणि न्हावा-शेवा येथील बंदर यांमुळे अवजड वाहनांची सततची ये-जा आणि तिने उडणारी धूळ यांची भर पडते. खाडीकाठच्या खारट हवेचा परिणाम पॉलिकार्बोनेटवर फारसा होत नाही. तो दिव्यामागील विजेच्या जोडण्यांवर व धातूच्या भागांवर अधिक होतो.

शहरातील मुख्य रस्ते पथदिव्यांनी उजळलेले असल्याने हेडलाइट अधू झाल्याचे चालकाच्या सहज लक्षात येत नाही. पाम बीच मार्गावर किंवा शीव-पनवेल महामार्गावर पथदिव्यांचा उजेडच पुरेसा वाटतो. पनवेलच्या पुढे पेणच्या दिशेने मुंबई-गोवा महामार्गावर किंवा घाटरस्त्यावर गेल्यावर हा उजेड संपतो आणि दिव्यांची खरी अवस्था उघड होते. पावसाळ्यात अडचण वाढते. ओला डांबरी रस्ता हेडलाइटचा बराचसा प्रकाश पुढेच परावर्तित करतो, त्यामुळे चालकाकडे कमी प्रकाश परत येतो व रस्ता अधिक काळा भासतो. म्हणून दिव्यांची तपासणी जून महिन्यापूर्वी करणे सोयीचे ठरते.

दुरुस्तीपूर्वीची तपासणी

दोष बाहेरून आहे की आतून, हे ठरवण्यासाठी सोपी चाचणी आहे. आवरण धुऊन त्यावर पाणी शिंपडतात. ओले असताना आवरण बऱ्यापैकी स्वच्छ दिसले आणि वाळताच पुन्हा धुरकट झाले, तर दोष बाहेरील पृष्ठभागावर आहे. पाणी बारीक खळग्यांत भरल्यामुळे प्रकाशाचे विखुरणे तात्पुरते थांबते, म्हणून असे घडते. अशा आवरणाचे पुनरुज्जीवन यशस्वी होते. ओले असतानाही धुरकटपणा तसाच राहिला, तर दोष खोलवर किंवा आतील बाजूस असण्याची शक्यता अधिक असते.

नखाने चाचपल्यावर जाणवणारे खोल तडे, आत साचलेले पाणी, काळवंडलेला परावर्तक आणि तुटलेले खाचे असल्यास घासकाम उपयोगी ठरत नाही. आवरण स्वच्छ असूनही उजेड कमी वाटत असेल, तर बल्ब जुना झालेला असू शकतो किंवा विजेच्या जोडणीत दोष असू शकतो.

साहित्य

घरगुती कामासाठी साधारणपणे पुढील साहित्य लागते:

• ८००, १०००, १५००, २००० व ३००० क्रमांकाचे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासह वापरायचे पॉलिश पेपर
• गाडीचा रंग झाकण्यासाठी मास्किंग टेप
• फवारणीची बाटली, बादलीभर स्वच्छ पाणी व सौम्य शाम्पू
• प्लॅस्टिकसाठीचे पॉलिश किंवा बारीक रबिंग कंपाउंड
• मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके, उपलब्ध असल्यास ड्रिल मशीनला लावायचा फोमचा पॅड
• पृष्ठभाग तेलरहित करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल
• अतिनील किरण रोखणारा संरक्षक लेप
• रबरी हातमोजे, चष्मा व मास्क

पेपरचा क्रमांक जितका मोठा तितके त्यावरील कण बारीक असतात. युरोपीय ‘पी’ श्रेणीनुसार पी ८०० पेपरवरील कणांचा सरासरी आकार २१.८ मायक्रोमीटर, पी १००० चा १८.३, पी १५०० चा १२.६ आणि पी २००० चा १०.३ मायक्रोमीटर असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. पृष्ठभागावरील चरे यापेक्षा लहान झाल्याशिवाय ते डोळ्यांना दिसेनासे होत नाहीत. त्यामुळे केवळ पेपरने घासून आवरण पूर्ण पारदर्शक होत नाही व शेवटी पॉलिशची गरज पडते.

कार्यपद्धती

धुणे व झाकणे: आवरण शाम्पूच्या पाण्याने धुऊन त्यावरील माती पूर्णपणे काढली जाते. एखादा कण राहिल्यास घासताना खोल ओरखडा उठतो. त्यानंतर दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावतात. काम सावलीत व दिवा थंड असताना केले जाते.

घासणे: सुरुवातीचा पेपर आवरणाच्या अवस्थेवरून ठरतो. लेपाचे पापुद्रे निघत असतील तर ८०० क्रमांकापासून आणि फक्त पिवळेपणा असेल तर १००० किंवा १५०० पासून सुरुवात करतात. पेपर काही मिनिटे पाण्यात भिजवून, आवरणावर सतत पाणी फवारत, हलक्या व समान दाबाने घासले जाते. सुरुवातीला निघणारे पाणी पिवळसर किंवा गढूळ असते. जुना लेप पूर्ण निघाला की पाणी पांढुरके येते व संपूर्ण आवरण एकसारखे दुधी दिसू लागते. ही अवस्था पाहून पहिल्यांदा हे काम करणारे अनेकदा घाबरतात, परंतु ती अपेक्षितच असते. जुन्या लेपाचे तुकडे मध्येमध्ये राहू देणे ही खरी चूक होय, कारण त्यांच्या कडा शेवटपर्यंत दिसत राहतात.

क्रमाने बारीक पेपर: प्रत्येक पुढील पेपरने मागच्या पेपरच्या दिशेला काटकोनात घासण्याची पद्धत आहे. आधी आडवे घासले असेल तर आता उभे घासतात. त्यामुळे आधीचे चरे पूर्ण गेले की नाही हे ओळखता येते. ते गेल्याशिवाय पुढचा पेपर घेतला जात नाही. दोन पेपरांच्या मध्ये आवरण धुऊन पुसले जाते, नाहीतर जाड पेपरचा सुटलेला कण बारीक पेपरखाली सापडून नवे ओरखडे पाडतो. ३००० क्रमांकानंतर आवरण अर्धपारदर्शक दिसते.

पॉलिश: थोडेसे पॉलिश फडक्यावर किंवा पॅडवर घेऊन लहान गोलाकार हालचालींनी चोळले जाते. ड्रिल मशीन वापरल्यास वेग कमी ठेवतात व पॅड एका जागी थांबू देत नाहीत, कारण घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन त्यावर वळ उमटू शकतात. या टप्प्याअखेर आवरण स्वच्छ व चकचकीत दिसू लागते.

तेलरहित करणे: पॉलिशमधील तेलकट अंश राहिल्यास पुढील लेप धरत नाही. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने आवरण पुसून कोरडे केले जाते व त्यानंतर त्याला हात लावला जात नाही. काही संरक्षक लेपांना पकड मिळण्यासाठी पृष्ठभाग किंचित खरबरीत असावा लागतो. असे लेप वापरताना शेवटचे पॉलिश गाळले जाते व लेपच बारीक चरे भरून काढतो.

संरक्षक थर

घरी घासलेल्या दिव्यांचा पिवळेपणा काही महिन्यांत परत येण्यामागे संरक्षक थर न देणे हे प्रमुख कारण असते. या थरासाठी पुढील पर्याय प्रचलित आहेत.

मेण किंवा सीलंट: लावायला सर्वांत सोपे, परंतु काही आठवड्यांतच झिजते व पुन्हा पुन्हा लावावे लागते.

पुसून लावायचे लेप: किटमधील द्रव फडक्याने एकाच दिशेने पातळ लावला जातो. मेणापेक्षा हे लेप जास्त टिकतात. अतिनील किरण रोखण्याची सोय त्यात आहे का, हे वेष्टनावर पाहावे लागते.

पारदर्शक लॅकरचा फवारा: एक-घटक लॅकर हाताळण्यास सोपे असते, तर हार्डनर मिसळायचे दोन-घटक लॅकर अधिक कठीण व टिकाऊ असते. लॅकर पॉलिकार्बोनेटला चालणारे नसल्यास त्यातील द्रावकाने तडे पडू शकतात.

अतिनील किरणांनी कठीण होणारे लेप: हे द्रव ऊन किंवा विशिष्ट दिव्याचा प्रकाश मिळताच काही मिनिटांत घट्ट होतात. रचनेच्या दृष्टीने ते कारखान्यातील लेपाच्या जवळ जाणारे असतात.

पारदर्शक फिल्म: चिकटवायची पॉलियुरेथेनची फिल्म खडे व ऊन या दोहोंपासून संरक्षण देते. खराब झाल्यावर ती काढून दुसरी लावता येते.

लेप कोणताही असो, हवेतील आर्द्रतेचा त्यावर परिणाम होतो. दमट हवेत लॅकरमधील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि लेप पांढरट पडतो. कोकण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या काळात लॅकर फवारणे म्हणूनच टाळले जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुलनेने कोरडा काळ त्यासाठी योग्य असतो. पावसाळ्यापूर्वी काम उरकायचे असल्यास पावसाची चिन्हे दिसण्याआधी, सकाळी उशिरा दव सुकल्यावर लेप दिला जातो व तो पूर्ण वाळेपर्यंत गाडी धुतली जात नाही.

घरगुती उपाय व गैरसमज

टूथपेस्ट: तिच्यातील कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाचे कण सौम्य पॉलिशचे काम करतात. वरवरचा धुरकटपणा त्याने कमी होतो, पण खोल गेलेला पिवळेपणा जात नाही. टूथपेस्ट अतिनील किरणांपासून कोणतेही संरक्षण देत नाही.

तेल व तेलाचे फवारे: तेल सूक्ष्म खळग्यांत भरते, म्हणून आवरण क्षणात स्वच्छ दिसते. हा ओल्या आवरणासारखाच आभास असून पावसाने किंवा धुण्याने तो नाहीसा होतो.

डास पळवणारे द्रव: डीईईटी हे द्रव्य असलेली डासरोधके अनेक प्लॅस्टिक विरघळवतात. पृष्ठभागाचा पातळ थर विरघळून पसरल्यामुळे चकाकी येते, पण उरलेले प्लॅस्टिक कमजोर होते आणि ओघळ गाडीच्या रंगावर गेल्यास रंगही बिघडतो.

द्रावकाची वाफ: तापवलेल्या कपातून क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन यांसारख्या द्रावकाची वाफ आवरणावर सोडणारी किट बाजारात मिळतात. ही द्रावके पॉलिकार्बोनेट विरघळवत असल्याने परिणाम झटपट दिसतो. मात्र पुढे अंतर्गत ताणामुळे आवरणावर तडे पडू शकतात आणि या वाफा श्वासावाटे जाणे आरोग्यास घातक असते.

अधिक वॅटचा बल्ब: धुरकट आवरणामागे अधिक शक्तीचा बल्ब लावल्यास विखुरणारा प्रकाशही वाढतो. समोरच्याची दिपवणूक वाढते आणि जास्तीच्या उष्णतेने परावर्तक, होल्डर व वायर खराब होऊ शकतात.

सुरक्षितता व पर्यावरण

पाण्यासह घासल्यास धूळ उडत नाही, म्हणून कोरडे घासणे टाळले जाते. दोन-घटक लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्यामुळे दम्यासारखा विकार जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्यापासून संरक्षण देत नाही. योग्य श्वसनसाधने नसल्यास असे लॅकर घरी न वापरता पुसून लावायचा लेप वापरणे सुरक्षित असते. इमारतीखालील बंदिस्त पार्किंगमध्ये कोणताही लेप फवारू नये.

घासताना निघणारा गाळ म्हणजे प्लॅस्टिकचे व लेपाचे सूक्ष्म कण होत. नवी मुंबईतील पावसाळी गटारांचे पाणी धारण तलावांतून ठाणे खाडीत जाते. रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गाळ गटारात सोडण्यापेक्षा फडक्याने टिपून कोरड्या कचऱ्यात टाकणे त्यामुळे योग्य ठरते.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून व पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी वाहनाचे दिवे लावलेले असावे लागतात. पुढील १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसतील इतका त्यांचा प्रकाश असणे अपेक्षित आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करताना वाहनाची तपासणी होते व तीत दिव्यांचाही समावेश असतो. नवी मुंबईतील वाहने वाशी (एमएच-४३) आणि पनवेल (एमएच-४६) येथील परिवहन कार्यालयांच्या कक्षेत येतात. प्लॅस्टिक आवरणाच्या दिव्यांना बाजारात येण्यापूर्वी ऊन, तापमानातील बदल, रसायने व ओरखडे यांच्या चाचण्या द्याव्या लागतात. घरी दिलेल्या लेपाची अशी कोणतीही चाचणी झालेली नसते.

मर्यादा

पुनरुज्जीवनाने आवरण नव्यासारखे दिसले तरी ते नवे होत नाही. प्रत्येक वेळी प्लॅस्टिकचा थोडा थर कमी होतो आणि हाताने घासल्यामुळे पृष्ठभागाची मूळ वक्रता किंचित बदलते. काम नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी गाडी सपाट जमिनीवर भिंतीसमोर उभी करून लो बीम लावतात. भिंतीवरील झोताची वरची कड ठळक व दोन्ही दिव्यांची सारखी दिसली पाहिजे. कड पुसटच राहिली, आतील परावर्तक खराब असला किंवा एका वर्षाच्या आत धुरकटपणा पुन्हा आला, तर संपूर्ण दिवा बदलणे हाच योग्य उपाय असतो.

दुरुस्त केलेल्या आवरणाचे आयुष्य पुढील निगेवर अवलंबून असते. गाडी सावलीत किंवा आच्छादनाखाली उभी करणे, धूळ पाण्याने भिजवून मगच पुसणे, सौम्य शाम्पू वापरणे आणि संरक्षक लेप ठराविक काळाने पुन्हा देणे या गोष्टींनी ते वाढते.

हे सुद्धा पहा

• पॉलिकार्बोनेट
• अतिनील किरण
• रस्ता सुरक्षा
• नवी मुंबई